दुसरा नळ

रायसिना, नवी दिल्ली
६ फेब्रुवारी १९२७

ती. आत्यास कमलाकरचा साष्टांग नमस्कार.

तू विचारतेस, राजधानी झाली की अजून चाललीच आहे? चाललीच आहे. गेल्या महिन्यात कायदेमंडळाची गोल इमारत उघडली. बाहेरून नुसते खांबच खांब. आमच्या कचेरीतले लोक तिला जाते म्हणतात. टेकडीवर सचिवालयाच्या दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत, खाली तांबडा दगड, वर पिवळसर. मधून रस्ता चढतो आणि त्याच्या टोकाला व्हाइसरॉयचा वाडा अजून बांधत आहेत. गंमत अशी की खालून येताना तो वाडा मध्येच दिसेनासा होतो. चढ जास्त उभा राहिला. यावरून दोन मोठ्या वास्तुकारांचे अनेक वर्षे पटत नाही म्हणतात. कागदावरची एक रेघ चुकली की पुढे दगडात काय होते, हे आम्हा नकाशे काढणाऱ्यांना रोज ऐकावे लागते.

छत्र्या, छज्जे, जाळ्या, हत्ती हे सगळे आपल्याकडचे उचलले आहे. बाकी मांडणी विलायती. टेकडीपासून जितके दूर तितका पगार कमी: आधी साहेबांचे बंगले, मग कारकुनांच्या पांढऱ्या ओळी, मग शिपाई. पूर्वी इथे एक खेडे होते. त्याचे नाव तेवढे टेकडीला राहिले आहे, माणसे कुठे गेली कोणाला ठाऊक नाही.

पण आत्या, एक गोष्ट तुला आवडेल. इथे ब्राह्मणआळी नाही, कुंभारआळी नाही. घराला नंबर आणि माणसाला हुद्दा. कोण कुठला, कोणी विचारत नाही.

ठकूबाईच्या सदूबद्दल लिहिलेस. सातवी झालेला माणूस हवाच आहे. नकाशांच्या गुंडाळ्या कचेरीतून कामावर नेण्याआणण्यासाठी शिपाई लागतात. पाठवून दे.

आपल्याकडच्या, कुडपणच्या भिकूला स्वयंपाकाला ठेवले आहे, त्यामुळे खाण्याचे हाल नाहीत.

तुझा,
कमलाकर

●

महाड
२ एप्रिल १९२७

चि. कमलाकरास आशीर्वाद.

सदू एवढ्यात येऊ शकत नाही. त्याचे डोके फुटले आहे.

वर्तमानपत्रातून तुला थोडेफार कळले असेल. चवदार तळे सर्वांना खुले, असा ठराव नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी केला होता. तो कागदावर राहिला. गेल्या महिन्यात महारवाड्यातले आणि बाहेरगावचे हजारो लोक परिषदेला जमले, शिस्तीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. एवढेच झाले. मग कोणी तरी हाकाटी केली की आता हे देवळात शिरणार. ज्यांच्या मुली माझ्या शाळेत बसतात ते आपल्या गावचे लोक काठ्या घेऊन धावले आणि जेवत असलेल्या माणसांना त्यांनी मारले. सदू पंगतीत वाढत होता. पुढे शेणगोमूत्र कालवलेल्या घागरी तळ्यात ओतून मंत्र म्हटले आणि तळे शुद्ध झाले असे ठरवले. त्याच तळ्यात रोज म्हशी डुंबतात. त्यांचे कोणाला काही वाटत नाही. शेजारचे श्रीधरपंत घागरी पुढे करायला होते. मी त्यांच्याशी बोलणे सोडले आहे.

ठकूबाईला तू ओळखतोसच. तुझ्या लहानपणापासून आपल्या मागीलदारी मोळी घेऊन येते. आपल्या घरून तिला पाणी कधी चुकलेले नाही. त्या आठवड्यात गावाने महारवाड्याकडे पाठ फिरवली, तेव्हाही मी स्वतः विहिरीचे पोहरे ओढले आणि कुंपणाबाहेरची तिची दगडी डोण काठोकाठ भरली. सगळ्यांच्या देखत. कोणी काही बोलेल म्हणून वाट पाहिली. कोणी बोलले नाही.

जखम सुकली की सदूला पाठवते. तुझ्या त्या नंबरांच्या गावात त्याला निदान तहान लागली म्हणून मार खावा लागणार नाही.

गोदावरी आत्या

●

रायसिना
२१ एप्रिल १९२७

ती. आत्यास नमस्कार.

महाडचे वाचून फार वाईट वाटले. पण त्यातून इथे एक चांगले झाले, ते कळवतो.

शिपाई, फराश आणि झाडूवाले यांच्यासाठी एक नवी वस्ती व्हायची आहे. दोन बाजूंना खोल्यांच्या ओळी, मध्ये अंगण, अंगणात नळ. नकाशा माझ्याकडे होता. साहेबाने बोलावून विचारले, तू हिंदू आहेस, तुमच्या चालीरीतीच्या दृष्टीने यात काही राहून गेले आहे का? मला एकदम महाड आठवले. मी म्हटले, राहिले आहे. एकाच नळावर हे सगळे लोक आले तर डोकी फुटतील. पेन्सिल घेऊन मी तिथल्या तिथे अंगणात एक आडवी भिंत काढली आणि अस्पृश्य लोकांसाठी भिंतीपलीकडे दुसरा नळ. साहेब म्हणाला, मला हे कधी सुचले नसते. त्याने सही केली. पुढच्या वस्त्याही याच धर्तीवर व्हाव्यात असा शेरा मारला.

दहा वर्षे इथे दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा गिरवतो आहे. या राजधानीत माझ्या डोक्यातून निघालेली ही पहिली गोष्ट. तुला पहिल्यांदा सांगतो आहे.

तुझा,
कमलाकर

●

महाड
३ मे १९२७

कमलाकर,

आशीर्वाद लिहायला आज हात होत नाही.

साहेबाच्या कागदावर एक नळ होता. तो माणूस सातासमुद्रापलीकडून आलेला, त्याला आपले काही ठाऊक नाही. काटकसरीपायी का होईना, त्याने सगळ्यांना एक नळ दिला. आणि माझ्या घरात वाढलेल्या, मुंबईस शिकलेल्या मुलाने त्याला भिंत शिकवली. विचारले तेव्हा ‘काही राहिले नाही’ एवढेच म्हणायचे होते.

म्हणे महाडसारखी डोकी फुटतील. तळे एक आहे म्हणून डोकी फुटली नाहीत. ज्यांनी काठ्या उचलल्या त्यांनी ती फोडली. आणि तू काय केलेस, तर काठी उचलणाऱ्याचा नळ त्याला आधीच राखून दिलास, म्हणजे त्याला काठी उचलण्याचेही कष्ट नकोत. श्रीधरपंतांनी घागर वापरली, तू पेन्सिल. त्यांची घाण पहिल्या पावसात वाहून जाईल. तुझी दगडाची.

राजधानीचे मला सांगू नकोस. राजधानीच्या पायथ्याशी मी राहते. दरवर्षी मुलींना हिरकणीवाडीवरून रायगड चढवते. प्रधानांच्या वाड्यांची जोती उरली आहेत, सिंहासनाच्या जागी गवत आहे. तिथे बसून मुली विचारतात, बाई, इथे कोण राहत होते, तिथे कोण. मी जोत्यांवरून सांगते. उद्या तुझ्या राजधानीची जोती उरतील, तेव्हा एखादी मास्तरीण मुलींना घेऊन त्या अंगणात उभी राहील आणि मुली विचारतील, बाई, ही भिंत कशाला? तिने काय सांगावे ते तूच मला लिहून पाठव.

पाया भरण्याआधी ती रेघ खोड. साहेबाला सांग, माझी चूक झाली. इंग्रजीत हे वाक्य अवघड नाही.

सदूला मी यातले काही बोललेले नाही. तो इंग्रजीचे पहिले पुस्तक पुन्हा काढून बसला आहे.

गोदावरी

●

रायसिना
२५ मे १९२७

ती. आत्यास नमस्कार.

तू रागावशील असे खरोखर वाटले नव्हते.

नकाशा आता माझ्या हातात नाही. सरकार सिमल्यास गेले आहे. उन्हाळ्यात ही राजधानी ओस पडते. एवढ्या रुंद रस्त्यांवर आम्ही, गवंडी आणि धूळ. सही करणारा साहेबही तिकडेच गेला. पाया भरून झाला आहे. माझ्यासारख्याने पत्र लिहून बांधकाम थांबवायचे, असे इथे चालत नाही.

शिवाय तू समजतेस तसे यात वाईट काही नाही. दुसरा नळ पहिल्याइतकाच चांगला आहे. पाणी त्याच टाकीचे. कोणी तहानलेला राहणार नाही.

तुला पटत नसेल तर सदूला यंदा पाठवू नकोस. पुढच्या वर्षी पाहू.

कमलाकर

●

महाड
९ जून १९२७

कमलाकर,

सदू निघून गेल्यावर तुझे पत्र आले. पावसाळ्यापायी बोटी बंद झाल्या म्हणून तो पोलादपुरावरून आंबेनळी घाट चढून गेला, वाठारला गाडी धरील.

त्याच टाकीचे पाणी असेल तर मध्ये भिंत कशाला, हे तुला समजत नाही असे मी मानत नाही.

तो तुझ्या बिऱ्हाडी उतरेल. तुझ्यासाठी त्याच्याजवळ कुळथाचे पीठ आणि मेतकूट दिले आहे. ते पोचल्याचे लिही. दुसरे काही लिहू नकोस.

गोदावरी

●

रायसिना
३० ऑक्टोबर १९२७

ती. आत्यास नमस्कार.

पाच महिने होत आले, तुझे पत्र नाही, माझेही नाही. आज लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. सदू तापाने आजारी आहे. त्याला तू परत बोलावून घे. माझे तो ऐकत नाही.

पहिल्यापासून सांगतो. तो आला तेव्हा दोन दिवस माझ्याकडे ओसरीवर राहिला. पीठ पोचले, पण भिकूने ते चुलीवर चढवले नाही. सदूच्या हातचे म्हणून. भिकू गेला तर माझे जेवणाचे हाल होतात, म्हणून मी वाद घातला नाही आणि सदूची सोय कामावरच्या एका तंबूत केली. नोकरी ठरल्याप्रमाणे मिळाली. साहेब त्याच्यावर खूश आहे, गुंडाळ्या कधी मागेपुढे होत नाहीत. वस्ती तयार झाली तशी या महिन्यात त्याला तिथे खोली मिळाली.

पहिल्याच सकाळी तो पहिल्या नळावर घागर घेऊन गेला. इथले शिपाई उत्तरेकडचे, त्यांना आपल्याकडचे महार कोण हे माहीतही नव्हते. आमच्या भिकूनेच कुठे बोलून टाकले असावे. त्यांनी घागर फेकून दिली आणि सगळे मिळून कचेरीत आले. साहेबाने मला बोलावले. म्हणाला, तुझ्या सल्ल्याने ही भिंत बांधली. हा माणूस कोणत्या बाजूचा?

सगळे माझ्याकडे पाहत होते. सदूही. मी म्हटले, पलीकडच्या.

बाहेर आल्यावर मला वाटले तो शिव्या देईल. तो हसला. म्हणाला, “दादा, ह्यो नळ माज्या वळखीचा हाय. बायच्या मागीलदारी डोण हाय ना, कुंपणाभायेर? तीच तुमी इथं आणून ठेवलीत.”

तेव्हापासून तो दोन्ही नळांवर जात नाही. सचिवालयासमोर शोभेच्या कारंज्याचा हौद आहे, तिथून पाणी भरतो. पहारेकऱ्याने हटकले की हे पाणी प्यायचे नाही, पाहायचे आहे, तर त्याला म्हणाला, “सरकारच्या गावात बगायचं पानी तेवडं सगल्यांना एक हाय.” ते पाणी न गाळलेले, बागेचे. त्याने ताप आला.

आत्या, मला तू जे लिहिलेस ते सगळे मी गिळले. आता मी विचारतो. साहेबाने विचारले तेव्हा माझ्या हाताला भिंत आणि पलीकडे पाणी इतक्या पटकन कसे सुचले? चवदार तळे मी दहा वर्षांत पाहिलेले नाही. मी पाहिले ते तुला. विहिरीशी उभी राहून पोहरा ओढणारी तू, आणि कुंपणापलीकडे घागर घेऊन थांबलेली ठकूबाई. पाणी त्याच विहिरीचे होते. मी लहानपणी समजत असे की याहून चांगले माणूस जगात नाही.

मी काढलेली रेघ तुझी आहे.

कमलाकर

●

महाड
१८ जानेवारी १९२८

कमलाकर,

तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिले नाही. राग होता म्हणून नव्हे. राग असला की मी लगेच लिहिते.

आधी तुझे. साहेबाने विचारले हा कोणत्या बाजूचा, आणि तू सांगितलेस पलीकडच्या. दिल्लीत एवढी लाखभर माणसे, त्यात सदूची जात ठाऊक असलेले दोघे, तू आणि तुझा भिकू. भिकूच्या आड लपू नकोस. तो कुडपणचा अडाणी माणूस, त्याचा पगार तू देतोस. माझ्या हातचे पीठ सदूच्या हातून आले म्हणून चुलीवर चढत नाही, त्या घरात तू जेवतोस कसा? कारकुनाच्या घराला अंगणात स्वतंत्र नळ असतो, असे मागे एकदा तूच लिहिले होतेस. तापलेल्या मुलाला त्या नळाचे पाणी द्यायला साहेबाची सही लागत नव्हती.

सदूला मी बोलावणार नाही. तो यायचे म्हणाला तर येईल. तुझी अडचण दूर व्हावी म्हणून मी त्याला परत आणणार नाही.

आता डोणीचे. तुझे पत्र आले त्याच दिवशी ठकूबाई मोळी घेऊन आली. मी तिला म्हटले, कुंपणाच्या आत ये, पोहरा घे आणि तुझे पाणी तू काढ. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मला वेड लागले आहे. म्हणाली, “नको बाय. उद्या कायबी झालं तर तुमी दार लावून घ्याल. माज्या घराला दार कुटं, नुसता कूड हाय.”

मला तिचा राग आला. म्हणजे मी एवढे म्हणते आणि ही नको म्हणते. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी डोण भरली.

डिसेंबरात पुन्हा परिषद झाली. या खेपेस तळ्यावर कोर्टाचा मनाईहुकूम होता, ते लोक पाण्याला न शिवता परत गेले. ठकूबाई आणि तिची लेक मैना परिषदेला गेल्या होत्या. त्यानंतर चार दिवसांनी मी शाळेतून आले तर मागीलदारी रहाट वाजत होता. ठकूबाई, परिषदेत बायकांना सांगितले होते तसे आपल्यासारखे पायघोळ लुगडे नेसून, माझ्या विहिरीवर उभी. मैना घागरी लावत होती. मला पाहून ठकूबाई थांबली नाही. पोहरा वर घेतला, ओतला, पुन्हा सोडला.

आणि कमलाकर, मला राग आला. मी बोलावले तेव्हा आली नाही, आणि आज न विचारता आली, म्हणून. तोंडातून शब्द निघणार होता. तेवढ्यात ती म्हणाली, “इचारून घेतलं असतं तर ते तुमचं झालं असतं, बाय.”

मी घरात गेले आणि चूल पेटवली. दार उघडे ठेवले.

पुढचे तुला कळेलच, म्हणून मीच लिहिते. श्रीधरपंतांनी विहीर बाटल्याची दवंडी पिटायची तेवढी बाकी ठेवली. शाळेतला निम्मा वर्ग रिकामा आहे. चालकांनी मला विश्रांती घेण्याची सूचना केली आहे, ती मी लेखी मागितली आहे. लेखी द्यायला कोणी तयार नाही, म्हणून मी रोज जाते आणि उरलेल्या मुलींना शिकवते. वाणी दुकानात मला शेवटी माल देतो. ठकूबाई रोज येते. आम्ही फारसे बोलत नाही.

डोण मी फोडली नाही. चांगू गवळ्याच्या गोठ्यात देऊन टाकली. त्याची म्हैस तिच्यातून पाणी पिते. पहिल्यापासून ती म्हशीच्याच कामाची होती. आता तू तुझ्या दुसऱ्या नळाचे काय करतोस ते कळव. सदू तुझ्या अंगणातल्या नळाचे पाणी प्याला असेल तरच लिही.

गोदावरी

●

रायसिना
१९ फेब्रुवारी १९२८

बाईंना सदूचा नमस्कार.

हे पत्र कमलाकरदादांनी लिहायचे, पण ते म्हणतात माझ्याने होत नाही, तू लिही. म्हणून मी लिहितो. आईला वाचून दाखवावे.

ताप गेला. ताप अंगात असतानाच दादा मला खोलीवरून टांग्यात घालून त्यांच्या घरी घेऊन गेले. भिकू त्याच दिवशी बोचके बांधून कुडपणला निघाला. आता स्वयंपाक दादा करतात, भात खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. कुळथाचे पीठ जुने झाले होते तरी पिठले केले. त्यांच्या अंगणातल्या नळाचे पाणी मी प्यालो. तुम्ही विचारले आहे म्हणून लिहिले. बरा झाल्यावर मी माझ्या खोलीवर परत आलो. दादा राहा म्हणत होते. मी राहिलो नाही. खोली मला सरकारने दिली आहे, दादांनी नाही.

भिकूवर तुम्ही रागावल्या आहात असे दादांनी वाचून दाखवले. माझी जात भिकूने सांगितली नाही. मी सांगितली. घागर भरताना एकाने विचारले, कौन हो भाई. दुसरे काहीही सांगता आले असते, इथे कोण ओळखतो. पण महाडात डोके फोडून घेतले ते काय इथे येऊन लपवायला? म्हणून खरे सांगितले.

दादा साहेबाकडे गेले होते. मी चुकीचा सल्ला दिला, भिंत पाडा, असे म्हणाले. साहेबाने विचारले, मग तुमची खरी चाल कोणती? दादा म्हणाले, तुम्ही मला एकट्याला विचारलेत, भिंतीपलीकडच्या कोणाला विचारले नाहीत. साहेब म्हणाला, नकाशा मंजूर आहे. दादांना आता वस्त्यांचे काम देत नाहीत. बागेच्या कुंपणाचे नकाशे देतात. मला त्यांची कीव येत नाही, पण जेवायला बोलावले की जातो.

आता नळाचे. ताप उतरल्यावर मी पहिल्या नळावर पुन्हा गेलो. या खेपेस एकटा नव्हतो. भिंतीपलीकडचे झाडूवाले चौघे बरोबर आले. ते इकडचेच आहेत, त्यांची बोली मला अर्धी समजते. मारामारी झाली, पण थोडी. साहेबाच्या दारात आधीच बोभाटा झाला होता, म्हणून शिपाई जपून होते. मग त्यांनी काय केले ऐका. पहिला नळ बाटला असे ठरवले आणि दुसऱ्या नळावर गेले. तो तर आमचाच. चिंच लावून घासला, गोमूत्र शिंपडले, मंत्र म्हटले आणि आपला करून घेतला. आता रोज सकाळी ते भिंतीपलीकडे आमच्या बाजूला रांग लावतात आणि आम्ही त्यांच्या.

पाणी दोन्हीकडे एकच आहे. टाकी मी पाहून आलो.

सोमवारपासून आम्ही दुसऱ्या नळावरही जाणार आहोत. मग सरकार तिसरा काढते का पाहू. नकाशा काढायला दादा नाहीत.

सदू